हिरामावशी ताट खाली ठेवते

हिरामावशीला तीन आवाज आहेत आणि तिन्ही मला येतात.

पहिला विश्रांतवाडीचा. तो जिन्यात लागतो. "ए साई, जिना काय तुझ्या आजोबांनी बांधलाय, सायकल आडवी लावून गेलास ती?" हा आवाज तळमजल्यावरून निघतो आणि गच्चीवरचे कपडे वाळवतो.

दुसरा परदेशातला. तो काढायचा तर आधी पाठ ताठ करावी लागते, हनुवटी जराशी वर, हात पोटाशी बांधलेले, आणि मग अगदी हळू, जणू शेजारी कुणाचं बाळ झोपलंय: "डिनर इज सर्व्ड, एक्सलन्सी." गेल्या गणपतीत सोसायटीच्या महाप्रसादाला तिने हाच लावला होता. सगळ्यांना डाव्या बाजूने वाढलं, उजव्या बाजूने पत्रावळी उचलल्या. आमचे अध्यक्ष बाबुराव जिलबीच्या आशेने जरा रेंगाळले होते, त्यांचीही उचलली.

"अहो हिराताई, माझं व्हायचंय अजून!"

"तुम्ही दोन्ही चमचे शेजारी शेजारी ठेवलेत."

"बरं, मग?"

"म्हणजे झालं तुमचं."

बाबुराव अजूनही चमचे एकमेकांपासून लांब ठेवून जेवतात.

तिसरा आवाज फोनवरचा, आणि तो फक्त नम्रता मॅडमचा फोन आला की निघतो. नक्कल करायला हा सगळ्यात सोपा, कारण त्यात एकच शब्द आहे. "हो मॅडम. हो. हो हो. होच की, मॅडम."

ही गोष्ट या तिसऱ्या आवाजाची.

हिरामावशी ओव्हाळ आमच्या समोरच्या दारात राहते. तरुणपणी ती प्रभात रोडला एका घरी स्वयंपाकाला जायची. त्या घरची मुलगी म्हणजे नम्रता मॅडम. त्या परराष्ट्र खात्यात अधिकारी झाल्या, लग्न झालं, बाळ झालं, आणि बाळ रांगायच्या आत परदेशातल्या दूतावासात नेमणूक झाली. अधिकाऱ्यांना घरकामाला एक माणूस भारतातून नेता येतो. मॅडमच्या आई म्हणाल्या, हिराला ने. हिरामावशीची सोनाली तेव्हा बालवाडीत होती. मॅडमनी विचारलं, "हिरा, येशील ना?" हिरामावशी म्हणाली, "हो मॅडम."

मग प्राग. मग नैरोबी. मग हनोई. मध्ये मध्ये दिल्ली. मॅडमची दोन मुलं हिरामावशीच्या कडेवर वाढली, आणि सोनाली वाढली संपतकाकांच्या सायकलवर.

संपतकाका म्हणजे हिरामावशीचे मिस्टर. मूळचे करमाळ्याकडचे, पिंपरीच्या कारखान्यात होते, आता रिटायर. त्यांची नक्कल अवघड, कारण ते बोलतच नाहीत. तासाभरात एकदा "हाय की" म्हणतात आणि पुन्हा पेपर वर. पण रात्रपाळी करून आलेला हा माणूस सकाळी मुलीच्या दोन वेण्या घालायचा. इतक्या घट्ट, की शाळेतल्या बाई विचारायच्या, सोनाली, तू दिवसभर अशी दचकल्यासारखी का बघतेस? तेव्हाच्या चाळीतली माणसं टोमणे मारायची. "काय संपतराव, वहिनी तिकडे देश चालवतात म्हणे, मग तुम्ही काय करता?" काका म्हणायचे, "तिकडचं ती बघते, इकडचं मी बघतो. मधलं तुम्ही बघा."

हिरामावशीच्या गोष्टी ऐकायच्या तर ती कांदा चिरत असताना जायचं. तेव्हा ती उठून जाऊ शकत नाही.

"पहिल्या पहिल्या पार्ट्यांत काय व्हायचं माहितीय का? पाहुणे दारातून आत आले की सरळ आमच्या साहेबांचा हात धरायचे. 'व्हेरी प्लीज्ड, मिस्टर सेक्रेटरी.' आणि मॅडमकडे वळून म्हणायचे, पडदे किती छान निवडलेत तुम्ही!"

"मग मॅडम काय म्हणायच्या?"

"मॅडम हसायच्या. साहेबच सांगायचे, 'पडदे मी बघतो. देश ही बघते.'"

साहेब म्हणजे मॅडमचे नवरे अनिरुद्ध. पुण्यात कॉलेजात गणित शिकवायचे. मॅडमसाठी नोकरी सोडली. दूतावासात अधिकाऱ्यांच्या बायकांचं एक मंडळ असतं, त्यात त्यांना घ्यावं की न घ्यावं यावर म्हणे दोन बैठका झाल्या. शेवटी घेतलं आणि तंबोल्याचे आकडे पुकारायचं काम दिलं, गणिताचे ना!

"आणि आता?" मी विचारलं.

"आता त्या मंडळात चार-पाच तरी पुरुष असतात. शेवटच्या ठिकाणी तर अर्ध्याहून जास्त अधिकारी बायकाच होत्या. पडद्यांचं कुणी नावही काढत नाही." मग कांद्याने की कशाने, डोळे पुसत म्हणाली, "मॅडमच्या पहिल्या वरिष्ठ बाई होत्या ना, त्या बिनलग्नाच्या. त्यांच्या काळात बाईला लग्न करायचं तर सरकारची लेखी परवानगी लागायची. पुरुषाला नाही हं. बाईलाच. मी म्हटलं, बाई गं! आमच्याकडे सासू विचारते तेवढं पुरे असतं, सरकार कशाला मध्ये!"

पण तिची सगळ्यात आवडती गोष्ट गुलाबजामची. ती मी इतक्यांदा ऐकलीय की झोपेत सांगेन.

घरी मोठं जेवण होतं. एका पाहुण्याला मॅडमकडून एका करारावर 'हो' हवं होतं, ताबडतोब, त्याच बैठकीत. मॅडमना ते मान्य नव्हतं. तो गोड बोलत होता, आणि मॅडम यजमानीणबाई म्हणून गुलाबजामचं ताट हातात घेऊन सगळ्यांना देत फिरत होत्या. फिरता फिरता स्वयंपाकघरात आल्या. उभ्याउभ्या पाणी प्यायल्या.

"हिरा, मला आज नाही म्हणायचंय. आणि जमत नाहीये. दर वेळी तोंडातून 'बघूया हं' एवढंच निघतंय."

"मी काय सांगणार मॅडम, तुमचं ते मोठं काम," हिरामावशी म्हणाली. "पण हातातलं ताट खाली ठेवा आधी. हातात ताट असलं की बाईच्या तोंडून हो-च निघतं."

मॅडमनी ताट ओट्यावर ठेवलं. रिकाम्या हाताने बाहेर गेल्या, खुर्चीवर बसल्या आणि नाही म्हणाल्या. तो पाहुणा गुलाबजाम न खाताच गेला. उरलेले या दोघींनी स्वयंपाकघरात संपवले, उभ्यानेच.

"त्यानंतर मॅडम कधी अडल्या नाहीत," असं म्हणून हिरामावशी कांदा संपवते.

तर गेली काही वर्षं मॅडम दिल्लीत मुख्यालयात, मुलं मोठी होऊन आपापल्या वाटेला, आणि हिरामावशी कायमची विश्रांतवाडीला. सोनाली हिंजवडीला आयटीत. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. हिरामावशी सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटली. "आता मी आहे. सगळं मी करणार. हिची दहावी मी पाहिली नाही, हिची कॉलेजची ॲडमिशन मी पाहिली नाही, पण हे मी करणार."

सातवा संपताना सोनाली बॅग घेऊन राहायला आली. हिरामावशीने यादी सुरू केली: डिंक आणायचा, अळीव आणायचे, बाळंतशेपा...

"बाबाने आणून ठेवलंय," सोनाली म्हणाली.

"कधी?"

"मागच्या महिन्यातच. लाडू कसे करतात तेही शिकून घेतलंय मोबाइलवर."

"अगं, पण मी असताना?"

"असू दे गं, आई. सवय आहे आम्हाला."

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती डिंकाच्या डब्याचं झाकण लावत, साध्या आवाजात म्हणाली. हिरामावशीने यादीचा कागद घडी करून डब्याखाली सरकवला.

आणि त्याच आठवड्यात फोन वाजला. भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू आलं, "हो मॅडम. अभिनंदन मॅडम! हो. हो हो. या की मॅडम, रविवारी. होच."

मॅडम राजदूत झाल्या होत्या. लिमाला. तिकडे दक्षिण अमेरिकेत. निवृत्तीआधीची शेवटची नेमणूक. आणि जायच्या आधी त्या आणि साहेब हिरामावशीकडे जेवायला येणार होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"नुसतं जेवायला येत नाहीयेत," सोनाली म्हणाली. "न्यायला येतायत."

"असं काही म्हणाल्या नाहीत त्या."

"त्या कधी म्हणतात? त्या विचारतात, 'येशील ना?' आणि तू हो म्हणतेस."

हिरामावशी भाजी निवडायला बसली. पण दुसऱ्या दिवशी माझ्या आईला सांगत होती, "लिमाला बटाट्याच्या हजारो जाती असतात म्हणे. जांभळेसुद्धा!" आणि तिचे डोळे असे चमकले, की आई घरी येऊन म्हणाली, "गेली ही."

रविवारी सकाळी मंडपवाल्याकडून घडीचं टेबल आलं. वर पांढरं कापड, कडेने सॅटिनची लाल झालर, लग्नात आइस्क्रीमच्या स्टॉलला असते तशी. हिरामावशीने झालर काढायला लावली. खुर्च्या कमी पडत होत्या म्हणून आमच्या दोन मागवल्या. मी खुर्च्या घेऊन गेले आणि परत आलेच नाही.

मेनू असा: आधी टोमॅटो सूप, मग चिकनचा रस्सा, बाजरीची भाकरी, इंद्रायणीचा भात, शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. म्हणजे विश्रांतवाडी आत आणि परदेश दोन्ही टोकांना. हिरामावशी ताटांमधलं अंतर वितीने मोजत होती. चार ताटं, चार खुर्च्या. तिने जागा ठरवल्या होत्या. प्रमुख पाहुण्या मॅडम, समोर साहेब, साहेबांशेजारी संपतकाका, मॅडमशेजारी सोनाली.

संपतकाकांनी पेपर खाली केला. टेबलाकडे बघितलं. "राजनंदिनी, अजून एक आण."

"आता कशाला?" हिरामावशी.

"तुला."

"मी वाढणार आहे."

"बसून वाढ."

हा काकांचा त्या दिवसाचा कोटा होता. मी आमच्याकडून तिसरी खुर्ची आणली, काकांनी ती टेबलाच्या टोकाला, यजमानाच्या जागी ठेवली आणि पुन्हा पेपर वर.

मॅडम आल्या. सुती साडी, आखूड पांढरे केस. आवाज असा मऊ, की आत लोखंड आहे हे दोन वाक्यांनंतर कळतं. साहेबांच्या हातात पिशवी होती; झबली, टोपडी, एक खुळखुळा. "मीच निवडलंय सगळं," ते सोनालीला म्हणाले, "हिला यातलं काही कळत नाही."

"जय भीम, साहेब," संपतकाका उठून म्हणाले.

"जय भीम, संपतराव. बऱ्याच वर्षांनी भेटतोय आपण दोघं मंडळवाले!"

काका हसले. मी त्यांना दात दाखवून हसताना पहिल्यांदा पाहिलं.

आणि मग ती गंमत झाली. हिरामावशीची पाठ ताठ झाली, हनुवटी वर, हात पोटाशी, दुसरा आवाज लागला: "लंच इज सर्व्ड, मॅडम." मॅडम बोलत बोलत सरळ टेबलाच्या टोकाच्या खुर्चीकडे गेल्या. हिरामावशीने ती खुर्ची मागे ओढली. मॅडम बसल्या, तिने पुढे सरकवली. दोघींचं इतकं बेमालूम जमलं, की कुणाला काही वाटलंच नाही. ज्या टेबलाला हिरा वाढते, तिथे टोकाची खुर्ची मॅडमची. दोघींच्या अंगातच होतं ते.

सोनाली उभीच होती.

"मॅडम, तुमची जागा इथे आहे," ती म्हणाली. "आईच्या उजव्या हाताला. ही खुर्ची यजमानांची."

आतून कुकरची शिट्टी झाली.

"अगं सोनाली, राहू दे!" हिरामावशी पहिल्या आवाजात ओरडली. "बसा मॅडम. काही फरक पडत नाही."

मॅडम उठल्या होत्या. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "पडतो, हिरा," त्या म्हणाल्या. "फरक पडतो म्हणून तर मला पगार मिळतो." आणि उजव्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

आता हिरामावशीला बसावं लागलं. पीएमटीत पुढचाच स्टॉप असला की माणूस टेकतो ना सीटच्या कडेला, तशी टेकली. सूप झालं. चार घोट प्यायली नाही तोवर तीनदा उठली. साहेब आणि संपतकाका मात्र रंगात आले होते.

"वेण्या शिकलात कुठे, संपतराव?"

"सुतळीवर."

"म्हणजे?"

"कारखान्यात. जेवणाच्या सुट्टीत. मशिनीला बांधून."

साहेबांना इतकं हसू आलं, की सूप नाकात गेलं.

रस्सा आला. मोठा वाडगा, पळी. हिरामावशी वाडगा घेऊन उभी, सगळ्यांना डाव्या बाजूने वाढते आहे. आणि मॅडमनी सुरुवात केली.

"लिमाचं घर मोठं आहे म्हणे, हिरा."

"हो मॅडम?"

"मागे बाग आहे. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी."

"हो?"

"तिथली माणसं आहेत कामाला, चांगली असतील. पण आपली भाषा बोलणारं कुणी हवं गं घरात. संध्याकाळी थकून आल्यावर."

"हो मॅडम."

मी खुर्चीच्या पाठीला घट्ट धरलं. हा तिसरा आवाज होता, आणि तो सुरू झाला की थांबत नाही.

"सोनालीचं मला माहितीय," मॅडम म्हणाल्या. खरंच माहीत होतं त्यांना, सगळा विचार करून आल्या होत्या. "मी तिच्या आड येणार नाही. बाळंतपण होऊ दे. सव्वा महिना होऊ दे. मग ये. तिकीट मी बघते. माझी ही शेवटचीच आहे, हिरा. आपण दोघींनी सुरू केलं, आपणच संपवू." मग जरा थांबून, "येशील ना?"

सोनालीने भाकरी मोडायची थांबवली. पण वर बघितलं नाही. संपतकाकांनीही नाही. त्यांना उत्तर ठाऊक होतं. दर वेळी तेच असायचं.

हिरामावशी मॅडमच्या डाव्या बाजूला उभी होती, हातात वाडगा, वाडग्यात पळी. "हो म..." एवढं निघालंसुद्धा तोंडातून.

मग ती थांबली. वाडग्याकडे बघितलं. तो असा पुढे धरलेला, दोन्ही हातांनी, कुठल्याकुठल्या देशांत धरला होता तसाच. तिने तो टेबलावर ठेवला. पांढऱ्या कापडावर रश्श्याचा डाग पडला. एरवी तिला चक्कर आली असती, पण तिने बघितलंही नाही. टोकाच्या खुर्चीपर्यंत चालत गेली, बसली. या वेळी कडेला नाही. पाठ टेकून.

"नाही, मॅडम."

हा आवाज मी कधीच ऐकला नव्हता.

"सव्वा महिन्यानं बाळ नुसतं बघायला लागतं," ती म्हणाली. "मग हसतं, पालथं पडतं, रांगतं. तुमच्या दोन्ही मुलांचं मी सगळं पाहिलं. हिचं मोठं होणं मी फोटोत पाहिलं. आता हिच्या बाळाचं मला समोर बसून बघायचंय. मला लिमा बघायचं नाही असं नाही. बटाटे मनात आहेत माझ्या. पण नाही."

मॅडम वाडग्याकडे बघत होत्या.

"ताट खाली ठेवलंस तू," शेवटी म्हणाल्या.

"ठेवलं."

"आणि ते मला शिकवलंसही तूच."

"तुम्हाला शिकवताना मला कुठं ठाऊक होतं, मलाच लागेल म्हणून."

मॅडमनी भाकरीचा तुकडा मोडला. डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "भारत सरकारने नोंद घेतली आहे."

पहिले हसले ते साहेब. मग सोनाली हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि संपतकाका उठून तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हाय की आता. हाय ती." एवढ्या शब्दांचा बोनस मला त्यांच्याकडून परत मिळाला नाही.

रस्सा तसाच मध्ये निवत होता. वाढणारं कुणीच नव्हतं. मॅडम उठल्या, वाडगा उचलला आणि हिरामावशीच्या ताटात पळी वाकवली.

"डावीकडून, मॅडम," हिरामावशी म्हणाली.

मॅडम गुपचूप वळसा घालून डावीकडे गेल्या.

"म्हणजे लिमात आपल्या जेवणाचं मलाच बघावं लागणार," साहेब म्हणाले.

"मी शिकवीन तुम्हाला, साहेब. भात येईल. भाकरीचं काही सांगता येत नाही."

सोनालीला मुलगी झाली. डिंकाचे लाडू संपतकाकांनी केले, हिरामावशीने त्यात चार चुका काढल्या, आणि सोनालीने दोघांदेखत सगळे खाल्ले. बाळ आता पालथं पडतं. हिरामावशी सतरंजीवर त्याच्यासमोर बसून असते, आणि कुणी बेल वाजवली तर बसूनच ओरडते, "दार उघडंय!"

रविवारी संध्याकाळी लिमाला सकाळ असते. तेव्हा आमच्या भिंतीपलीकडून व्हिडिओ कॉल ऐकू येतो. हा तिचा चौथा आवाज. थोडा जिन्यातला, थोडा शाळेतल्या बाईंचा.

"साहेब, गॅस बारीक करा. बारीक! अहो, बारीक म्हणजे बंद नव्हे! आणि तो जांभळा बटाटा दाखवा बघू जरा. इकडून. हां. सोला आता त्याला."

पलीकडून मॅडमचा मऊ आवाज येतो. "हिरा, बारा जणांना जेवायला बोलावलंय गं मी. होईल ना यांच्याच्याने?"

हिरामावशी बाळाला मांडीवर घेते, नीट बसते, हनुवटी जराशी वर.

"बघूया हं, मॅडम."